दुसऱ्या पाळीचा फोटो

दिवाळी उलटून पंधरवडा झाला की माझा चुलतभाऊ दत्तू मढहून नव्या तांदळाचं पोतं घेऊन कळंबला येतो. पोतं स्वयंपाकघराच्या दारात टेकवतो, बशीत ओतून चहा पितो, ‘यंदा भात बरं हाय’ किंवा ‘यंदा पावसानं समदं आडवं केलं’ यांतलं त्या वर्षी लागू पडेल ते वाक्य बोलतो आणि आळेफाट्याला कुणाला तरी भेटायचंय म्हणून घाईनं निघून जातो. तो गेला की मी पोत्याची शिवण उसवते आणि कोपरापर्यंत हात आत घालते. नवा तांदूळ आतून किंचित गार, किंचित ओलसर लागतो. हात बाहेर काढला की त्याला कोंड्याचा वास येतो. इतरांना या वासानं गरम भात आणि मेतकूट आठवत असेल. मला जुन्या कागदांचा वास आठवतो. कापडी रुमालात बांधलेली दप्तरं, त्यांतली धूळ, डांबराच्या गोळ्या, आणि वाचनालयाच्या पंख्याची कुरकुर. हे दोन वास माझ्या नाकात एकमेकांना चिकटून बसलेत, कारण एका वर्षी भाताचा सगळा हंगाम मी या दोहोंच्या मधे ये-जा करण्यात घालवला.

करोनाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवला मी, आणि शिकवला म्हणजे काय, तर ‘इतिहासाची साधने : लिखित, भौतिक, मौखिक’ एवढं फळ्यावर लिहिलं आणि मुलांकडून घोकून घेतलं. स्वतः एकही साधन कधी हातात धरलं नव्हतं. पोहण्यावर व्याख्यान देणारी आणि विहिरीत पाय न घातलेली बाई असते ना, तशी मी. निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेताना मनातल्या मनात मला जरा हसूच आलं होतं.

त्याच भाद्रपदात मी आईला नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू असेल, काढून टाकू, असं धरून आम्ही गेलो होतो. निघाला काचबिंदू, तोही फार पुढे गेलेला. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलत होते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही, थेंब मात्र चुकवू नका, म्हणाले. आईला कडेचं काहीच दिसेनासं झालं होतं. बोरूच्या नळीतून बघावं तसं फक्त समोरचं, तेवढंच. ती हे कधीपासून चालवून घेत होती देव जाणे. आम्हाला वाटायचं म्हातारी मुद्दाम धडकते.

बाहेर बाकावर बसून थेंबांची बाटली कशी उघडायची ते मी बघत होते. आई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “मंदे, डोळं जायाच्या आत एकदा तुझ्या बापाला बघायचं हाय.”

माझा बाप जाऊन पंचावन्न वर्षं व्हायला आली होती.

“कसं बघणार आई?”

“फोटू हाय म्हणालं व्हते ना. खाणीत काढल्याला. त्यो हुडक. तू इतिहासाची मास्तरीण ना?”

हा टोमणा होता की विश्वास, मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असावं.

वडिलांबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दादा म्हणायचे मी त्यांना, म्हणजे म्हणत असावे, कारण मला ते आठवत नाहीत. मढच्या आमच्या वस्तीवरचे चार-सहा गडी विहिरींना सुरुंग लावण्यात तयार होते. कातळाला कुठं भोक पाडायचं, किती दारू ठासायची, वात लावून कधी पळायचं हे त्यांना कळे. तिकडे राजस्थानात उदयपूरजवळ जस्ताच्या खाणी आहेत, तिथं असे गडी हवेत, असं कुणी मुकादम सांगून गेला आणि ही टोळी गेली. वर्षभर ते तिकडे जमिनीच्या पोटात असत. भात कापणीला आलं की मात्र घरी येत. कापणी, झोडणी, तांदूळ कणगीत पडला की परत. आईचा सगळा संसार असा भातावर झाला. महिन्यांत मोजलात तर तो वर्षभराचासुद्धा भरणार नाही.

एका वर्षी येताना त्यांनी जस्ती बादली आणली. वस्तीवरची ती पहिली म्हणे. बादली उन्हात धरून त्यांनी सगळ्यांना दाखवलं होतं, “ह्यावर ह्ये जे चकाकतंय ना, त्ये आमी काढतो.” ती बादली अजून मढच्या घरी आहे. चकाकी कधीच गेली, आता तिच्यावर पांढुरकं मीठ फुटल्यासारखं दिसतं, बूड दोनदा बदललंय. आईनं तिच्यातून कधी जनावरांना पाणी पाजू दिलं नाही.

शेवटच्या खेपेला जाताना त्यांच्या वहाणेचा अंगठा तुटला होता. खाचरातल्या चिखलात कापणी करताना तुटला. वहाण शिवून घ्यायला ओतूरच्या बाजाराला जावं लागे आणि बाजार दोन दिवसांवर होता. टोळी थांबायला तयार नव्हती. “तिथं बूट देत्यात,” असं म्हणून ते अनवाणी निघाले. आळेफाट्यापर्यंत चालत, पुढे यष्टी. आणि जाता जाता अंगणातून वळून म्हणाले, “आमचा समद्यांचा फोटू काढला हाय तिकडं सायबानं. छापून आला की आनतो फुडल्या भाताला.”

पुढच्या भाताला त्यांच्याऐवजी गंगारामतात्या आला, टोळीतलाच. दादांची वळकटी काखेत घेऊन तो अंगणात उभा राहिला आणि खाली बसला. छत कोसळलं होतं खाणीचं. तिकडेच अग्नी दिला होता. वळकटीत एक घोंगडी, एक सदरा, वस्तऱ्याचा डबा. फोटो नव्हता.

तेराव्याला आमच्याकडे वहाणा आणि छत्री दान देतात. गेलेल्या माणसाला वाट लांब असते, काटे-कुटे असतात, ऊन असतं. आईनं बाजारातून शिवून आणून ठेवलेल्या त्या जुन्या वहाणा आढ्याला टांगल्या होत्या. तिनं म्हणे हट्ट धरला होता की नव्या नको, ह्याच द्या, ह्या त्यांच्या पायाला बसलेल्या आहेत. जुनी वस्तू दानाला चालत नाही म्हणून सासूनं दटावलं. मग नव्या दिल्या. हे मला आईनं कधी सांगितलं नाही, चुलतीनं सांगितलं.

तर असा तो फोटो. छापून आला होता की नाही, आला तर कशात, कुणालाच ठाऊक नाही. गंगारामतात्या पुढे मुंबईला गेला आणि तिथंच वारला. त्याच्या मुलाकडे बापाची एक चिलीमसुद्धा उरली नव्हती.

मी सुरुवात पुण्याच्या दप्तरखान्यातून केली. आता हसू येतं. उदयपूरच्या खाणीतला पंचावन्न वर्षांपूर्वीचा फोटो, आणि मी मोडी लिपीतले दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे रुमाल सोडत बसले होते. पण मला रस्ता माहीत होता तो तेवढाच, आणि कुठून तरी सुरू करायचं होतं. शिवाय खरं सांगायचं तर आईचं काम करतोय म्हणताना मला स्वतःचंही थोडं भागवून घ्यायचं होतं. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेलं साधन एकदा बोटांनी चाचपायचं होतं.

जस्त त्या कागदांत होतं. बैलांच्या पाठीवर लादून येत होतं, तोललं जात होतं, जकात भरत होतं, तांबटाकडे जाऊन तांब्यात मिसळून पितळ होत होतं. कुठून आलं ते कधी लिहिलेलं, कधी नाही. कुणी खणलं ते मात्र कुठेच नाही. खाण म्हणजे जणू झरा, आपोआप वाहतो. मी संध्याकाळच्या यष्टीनं कळंबला परत यायचे तेव्हा हायवेच्या दोन्ही बाजूंना कांद्याच्या वाफ्यांत माणसं ओणवलेली असायची, आणि मनात यायचं की यांचंही पुढे असंच होणार, कांदा राहील आणि ओणवी माणसं गाळली जातील.

जुन्नरला रशीदभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. आमच्या कॉलेजचे सगळे गॅदरिंगचे फोटो त्यांनीच काढले. त्यांचे पूर्वज कागदी, म्हणजे हातानं कागद करणारे. जुन्नरी कागदाचं नाव मोठं होतं एके काळी. मी त्यांना दप्तरखान्यातलं सांगितलं, तर काउंटरवर हात टेकून म्हणाले, “बाई, आमच्या पणजोबानं कागद केला, तुमच्या लोकांनी त्याच्यावर हिशोब लिवला. हिशोब ऱ्हायला. ना पणजोबाचं नाव ऱ्हायलं, ना खाणवाल्याचं.” आणि मग, मला वाईट वाटलं असेल असं वाटून, “फोटू भेटला ना, तर इकडं आणा. कसा का खराब असंना, मी त्याला माणसात आणतो.”

घटस्थापनेच्या सुमारास मी दुसऱ्या वाटेला लागले. सरकारी खाण-निरीक्षकांचे जुने वार्षिक अहवाल पुण्यातल्या एका ग्रंथालयात तळघरात होते. इंग्रजी, बारीक टाइप, पानं वाळलेल्या पापडासारखी. कुठल्या खाणीत कुठला अपघात, कशामुळे, जबाबदार कोण. दादा गेले त्या सालचा खंड मिळाला. पानं उलटत गेले आणि एका ओळीशी थांबले. खाण तीच, महिना तोच, छताचा दगड निसटून. पुढे लिहिलं होतं : एक मजूर ठार.

नाव नाही. तरीसुद्धा मी त्यांना ओळखलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांना भेटत होते, आणि ते ‘एक मजूर’ होते. मी टेबलावर डोकं टेकून रडले, चांगली हुंदके देऊन रडले, साठीची बाई. शेजारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी बसली होती. तिनं आपली पाण्याची बाटली हळूच माझ्याकडे सरकवली आणि परत पुस्तकात डोकं घातलं. तिला बहुधा वाटलं असेल, माझाही निकाल लागला.

घरी आल्यावर आईला मी हे सांगितलं नाही. काय सांगणार? तिनं विचारलं, “भेटला?” मी म्हटलं, “अजून नाही, पण जवळ आलेय.” ती माझा चेहरा शोधत मान हलवत होती, कोंबडी एका डोळ्यानं दाणा बघते तशी. थेंब घालताना तिच्या डोळ्यांत बघायची मला भीती वाटायला लागली होती. रोज थोडं थोडं काहीतरी कमी होत असेल आणि मी मात्र वाचनालयांच्या वेळा सांभाळत बसले आहे, असं वाटायचं.

आईला मढला दत्तूकडे सोडून उदयपूरला मी एकटी गेले. दत्तू येतो म्हणत होता, पण कापणी तोंडावर होती. तिथल्या डोंगरांत उतरले तर पहिल्यांदा दिसल्या त्या भिंती. वांग्याच्या आकाराच्या, लांबुळक्या मातीच्या नळ्या एकावर एक रचून केलेल्या भिंती. जुन्या काळी या मातीच्या मुशींत खनिज भरून, भट्टीत उलटं लावून जस्त काढत. एकदा वापरली की मूस वाया. मग लोकांनी त्याच मुशींनी घरं बांधली, गोठे बांधले, बांध घातले. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या मातीवरून बोट फिरवलेलं, ते त्या मुशींवर तसंच होतं. एका गोठ्याच्या भिंतीला मी हात लावून उभी राहिले. बोटाच्या त्या खुणेत माझं बोट बसलं. आतल्या म्हशीनं माझ्याकडे पाहिलं आणि परत रवंथ करायला लागली. वर्गात ‘भौतिक साधने’ म्हणून मी जे दोन शब्द लिहायचे, त्यात हे सगळं बसत होतं याची मला कल्पना नव्हती.

खाणीच्या कचेरीत अर्थातच काही नव्हतं. जुनं सगळं वाळवीनं खाल्लं किंवा नव्या इमारतीत जाताना जाळलं. पण कामगारांच्या एका जुन्या संघटनेच्या खोलीत एक निवृत्त बाबूजी रोज सकाळी येऊन बसत. खोली झाडायची, वर्तमानपत्र वाचायचं, कुलूप लावायचं. त्यांना मी सगळं सांगितलं. माझं हिंदी ऐकून त्यांना हसू येत असणार, पण दाखवलं नाही. कपाट उघडून म्हणाले, “जो है, सो यही है, बेटी। देख लो।” साठीला आलेल्या बाईला कुणी बेटी म्हणावं याचंच मला भरून आलं.

कपाटात खाणीच्या गृहपत्रिकेचे काही दिवाळी अंक होते. मिठाईच्या डब्यासारखी मुखपृष्ठं, आत साहेबांचे संदेश, क्रिकेटचे सामने, साहेबांच्या बायकांच्या रांगोळ्या. आणि एका अंकात, अगदी मागच्या बाजूला, अर्ध्या पानावर तो फोटो. डोंगराच्या उतारावर एका रांगेत उभी असलेली माणसं. डोक्याला टोप्या, हातात दिवे, तोंडं उन्हामुळे आक्रसलेली. खाली ओळ : ‘दूसरी पाली के महाराष्ट्रवाले साथी।’

नाव एकाचंही नाही. पण एका टोकाला गंगारामतात्या होता. सुपासारखे कान, ते म्हातारपणीही तसेच होते, मी लहानपणी त्यांना हात लावायची. म्हणजे टोळी आमचीच. साल दादांच्या शेवटच्या खेपेआधीचं. म्हणजे ते यात होतेच. माझ्या हातात माझा बाप होता, आणि कोणता ते मला माहीत नव्हतं.

मी एकेका चेहऱ्यावर माझं नाक शोधलं. वस्त्या दोन-तीनच, सगळे एकमेकांचे भाऊबंद. त्यामुळे माझं नाक सगळ्यांनाच होतं.

परतीच्या प्रवासात अंक मी पिशवीत न ठेवता मांडीवर धरून बसले. आता फक्त आईनं बोट ठेवायचं, झालं. मला वाटलं, सगळं जग हिंडून मी दोर आणलाय, आता विहीर दारातच आहे.

रशीदभाईंनी फोटो संगणकावर घेतला, डाग काढले, ओरखडे पुसले. चेहरे मात्र धूसरच राहिले. मी म्हटलं, हल्ली संगणक अगदी स्वच्छ करून देतो म्हणतात ना? त्यांनी चष्मा वर सरकवला.

“देतो ना बाई. बटन दाबलं की झकास नाक-डोळं बनवून देतो. पण त्यो बनवतो, त्याला दिसत नसतं. मग त्यो तुमचा बाप नाय ऱ्हाणार, कंप्युटरचा होईल. जेवढं हाय तेवढंच मोठं करून देतो. चालंल?”

चालंल, मी म्हटलं. त्यांनी तो चहाच्या मोठ्या ट्रेएवढा करून दिला, म्हणजे आईच्या नजरेच्या नळीत एका वेळी एकच चेहरा मावेल.

मी मढला पोचले तेव्हा झोडणी चालली होती. खळ्यात दत्तू, त्याची बायको आणि दोन गडी भाताचे भारे फळीवर आपटत होते. धरणाच्या पाण्यावरचं धुकं नुकतं उठलं होतं, माळशेजकडे जाणाऱ्या सहलीच्या गाड्या वरच्या रस्त्यानं हॉर्न वाजवत पळत होत्या. भात आपटल्याचा तो एकसारखा धप्प आवाज, आणि त्याच्यामागून दाणे सांडल्याची सर. आई पेंढ्याच्या उडवीला टेकून गोणपाटावर बसली होती. मी अजून दहा हातांवर होते, तर म्हणाली, “मंदे, आलीस का? टाच दुखती वाटतं तुझी. पाय टाकतीस कसा.”

ती माणसं अशीच ओळखायची, नजर चांगली होती तेव्हापासून. अमका आला हे ती त्याच्या पायांवरून सांगे. लग्नाला मुलगा बघायला जायचं झालं तरी घरी येऊन ती त्याच्या टाचांबद्दल बोले. आम्ही तिची थट्टा करायचो.

मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. दत्तूनं भारा खाली टाकला. झोडणी थांबली तसं एकदम फार शांत झालं. आईनं पदरानं हात पुसले, मग डोळे पुसले, मग फोटो दोन्ही हातांनी उचलून नाकापाशी नेला आणि उन्हाकडे तिरपा केला. एका टोकापासून सुरुवात केली.

“ह्यो गंगाराम,” म्हणाली. “कान बघ मेल्याचं.”

मी हसले, दत्तू हसला. ती पुढे सरकली. दुसरा चेहरा, तिसरा चेहरा. दत्तूच्या बायकोनं वस्तीवरच्या दोन म्हाताऱ्यांना बोलावून आणलं, त्यांनी त्यांचा एक काका आणि एक मामा ओळखला. बाकीच्या घरांची माणसं मुंबईला गेलेली, विचारायला कुणी नाही. दादांचे धाकटे भाऊ, म्हणजे दत्तूचे वडील, तेही गेलेले. उरली आई. ती शेवटच्या चेहऱ्यापर्यंत गेली आणि परत पहिल्यापासून यायला लागली. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. ऊन उडवीवरून खाली आलं.

“आई, कोणता?” मी विचारलं. “सांग ना.”

तिनं फोटो मांडीवर ठेवला.

“मंदे, मी त्येंच्या तोंडाकडं कवा बघितलंच न्हाई गं.”

मला कळेना.

“सासू-सासरं, दीर, समदी एका घरात. नवऱ्याकडं मान वर करून बघायची रीत न्हवती. दिवसा बोलायची बी न्हवती. पदर ह्यो इथवर. रातच्याला दिवा कुटला व्हता? भाताला यायचं, भात झालं की जायाचं. बांधावरनं ते म्होरं चालायचं, डोक्यावर भारा घिऊन मी मागनं. मला काय दिसायचं सांग? टाचा. उजव्या टाचंला मोठी भेग व्हती. करंगळीवर दगड पडल्याला, ती आत वळल्याली. लई झपाझप चालायचं, मला गाठायला हुयाचं न्हाई. मला वाटलं व्हतं, तोंड बघितलं की कळंल.”

मी तिच्याशेजारी गोणपाटावर बसले. काय वाटलं ते लिहायचं तर एवढंच लिहिता येतं की मला तिची इतकी दया आली, इतकी कधी कुणाची आली नव्हती. दया आणि राग. कुणाचा राग ते कळत नव्हतं. एखाद्या बाईला मूल झालं, कुंकू पुसलं, केस पांढरे झाले, आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्याचा चेहरा तिच्याजवळ नव्हताच कधी. मी लहानपणी विचारायची, दादा दिसायला कसे होते? ती म्हणायची, तुझ्या आज्यावानी. मला वाटायचं, आठवून त्रास होतो म्हणून उडवून लावते.

आईनं परत फोटो उचलला.

“पाय दाव,” म्हणाली.

“काय?”

“पाय दाव की त्येंचं. तोंडाचं काय करू मी? पाय बघितलं तर आत्ता सांगते.”

मी बघितलं. इतक्या वेळा तो फोटो मी बघितला होता, गाडीत, घरी, रशीदभाईंकडे. चेहऱ्यांच्या खाली माझी नजर कधी गेलीच नव्हती. दत्तूनंही वाकून बघितलं आणि खळ्याकडे तोंड फिरवलं.

“आई,” मी म्हटलं, “पाय नाही दिसत. सगळ्यांनी बूट घातलेत. गमबूट. गुडघ्यापर्यंत.”

मला वाटलं, आता ही रडेल. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि फोटोच्या खालच्या बाजूवरून फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळ्यांच्या पायांवरून.

“समद्यांना दिलं व्हतं?”

“सगळ्यांना.”

“नीट बघ. एकाला बी ऱ्हायलं न्हाई?”

“नाही आई. एकालाही नाही.”

“बरं झालं बाई,” आई म्हणाली. “मला वाटायचं, अनवाणीच ऱ्हायलं.”

मग तिनं दत्तूला हाक मारून सांगितलं की ऊन वर आलंय, झोडाया घ्या. भारे परत फळीवर पडायला लागले. ती उडवीला टेकली आणि थोड्या वेळानं तिथंच, भर दिवसा, त्या आवाजात झोपली. फोटो तिच्या मांडीवर होता. दाण्यांचं तूस उडून त्यावर बसत होतं, ते मी अधूनमधून झटकत होते.

पुढच्या भातापर्यंत आईची नजर पूर्ण गेली. त्याच्या पुढच्या भाताला ती नव्हती. मधल्या काळात तिनं फोटो परत कधी मागितला नाही, दादांचा विषयही फारसा काढला नाही. तेराव्याला मी वहाणा दान दिल्या, तिच्या मापाच्या, नव्या, पण त्याआधी दोन दिवस घरात स्वतः घालून थोड्या मऊ करून घेतल्या. भटजींना काही सांगितलं नाही.

फोटो आता कळंबला माझ्या भिंतीवर आहे. यंदा दत्तू पोतं ठेवून चहा पिताना त्याच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं विचारलं, “ताई, ह्यातलं चुलतं कोन्तं, ते काय शेवटपातुर कळलं न्हाई ना?”

“कळलं की,” मी म्हटलं. “बूट घातलेले.”

“बूट तर समद्यांनीच घातल्यात.”

“हो रे,” मी म्हटलं, आणि पोत्याची शिवण उसवायला घेतली.